पान, हात आणि कान

दोन वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या भाच्याने मला एक क्यूबन सिगार आणून दिला. मी ओढत नाही. पण तंबाखूच्या इतिहासाची टिपणे पंचवीस वर्षे जमवतो आहे, हे त्याला ठाऊक होते. आतली बांधणी पाहावी म्हणून मी तो पाटावर ठेवून उभा चिरायला घेतला. शेजारी आई बसली होती. तिने चाळीस वर्षे सिन्नरला विड्या वळल्या. तिने सिगार मागून घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत नेला आणि म्हणाली, "कुठं पोकळ नाही रे. वळणाराचा हात चांगलाय."

सिगारची पारख हवानाच्या कारखान्यातही अशीच, बोटांनी दाबून होते. आईला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

चांगल्या सिगारचे श्रेय सहसा मातीला दिले जाते. ते खोटे नाही. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता अबाहो नावाचा भाग आहे. तिथले पान सर्वोत्तम मानतात. पण एकाच झाडावरची पानेही सारखी नसतात. बुंध्याकडचे पान 'व्होलादो'. चवीला सौम्य, पण चांगले जळणारे. मधले 'सेको' सुवास देते. शेंड्याकडचे 'लिहेरो' भरपूर ऊन खाऊन जाड, तेलकट आणि कडक होते. ते सावकाश जळते. वाळलेल्या पानांच्या थप्प्या रचून ती मुरवतात. थप्पी आतून तापते, अमोनिया निघून जातो, उग्रपणा उतरतो. बाहेरून गुंडाळायच्या पानासाठी झाडे पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे पान तलम आणि एकसारखे निघते.

यापुढचे काम हाताचे. वळणारा तिन्ही जातींची पाने ठरल्या प्रमाणात हातात घेतो आणि लांबीच्या दिशेने दुमडून त्यांची जुडी करतो. लिहेरो मधोमध ठेवायचे. ते बाजूला सरकले तर सिगार एकीकडून जळत जातो. जुडीला बांधणीचे पान गुंडाळून ती लाकडी साच्यात दाबून ठेवतात. मग 'चावेता' या मूठ नसलेल्या, वाकड्या धारेच्या पात्याने तलम पान कापून, ताणून, तिरपे गुंडाळायचे आणि टोकाला वनस्पतीच्या डिंकाने टोपी चिकटवायची. जुडी घट्ट झाली तर धूर ओढला जात नाही. सैल झाली तर सिगार भराभर जळतो, धूर गरम होतो आणि तोंड कडू पडते. म्हणजे पान कितीही उंची असो, त्याची चव लागायची की नाही हे हात ठरवतो. माझा सिगार चिरला तेव्हा आत नीट घातलेल्या निऱ्यांसारख्या घड्या दिसल्या. त्या घड्यांमधूनच हवा वाहते.

भाषेनेही या हाताची नोंद ठेवली आहे. आपला 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. त्याचा अर्थ वळलेली, गुंडाळलेली वस्तू. सिगार वळणाऱ्याला स्पॅनिशमध्ये 'तोर्सेदोर' म्हणतात, म्हणजे पीळ देणारा. आपणही विडी 'करत' नाही, वळतो.

हे काम दिवसभर बसून करायचे. हात गुंतलेले, कान मात्र मोकळे. या मोकळ्या कानांचाही एक इतिहास आहे. 1865 मध्ये सातुर्निनो मार्तिनेस या सिगार कामगाराने हवानात 'ला आउरोरा' हे कामगारांचे नियतकालिक काढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'एल फिगारो' कारखान्यात कामगारांसाठी मोठ्याने वाचन सुरू झाले. वाचणाऱ्याला 'लेक्तोर' म्हणत. त्याची मजुरी कामगार आपल्या कमाईतून वर्गणी काढून देत आणि काय वाचायचे तेही तेच ठरवत. वर्तमानपत्रे वाचली जात, ह्यूगो आणि द्यूमा वाचले जात. अनेकांना अक्षरओळख नव्हती, पण कादंबऱ्यांतली पात्रे ओळखीची होती. 1935 मध्ये निघालेल्या 'मोन्तेक्रिस्तो' सिगारचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून पडले आहे.

स्पॅनिश सत्तेला हे रुचले नाही. 1866 मध्ये कारखान्यांतल्या वाचनावर बंदी आली. 1868 मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर हजारो क्यूबन देश सोडून गेले. त्यांच्यातल्या सिगार कामगारांनी फ्लोरिडात, आधी की वेस्टला आणि नंतर टॅम्पाला, आपल्या वाचकासह बस्तान बसवले. 1891 च्या नोव्हेंबरात होसे मार्ती टॅम्पाला भाषण करायला आले, तेव्हा समोर बसलेल्यांमध्ये हेच लोक होते. पुढे क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी आपल्या मजुरीतून पैसा दिला. टॅम्पाच्या मालकांनी अखेर 1931 मध्ये वाचकांना काढून टाकले. कामगारांनी संप केला. पण वाचक परतले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आले. क्यूबातल्या कारखान्यांत मात्र वाचन आजही चालू आहे.

हे सारे वाचताना मला आमच्या घराची ओसरी आठवत होती. आई आणि शेजारच्या तिघीजणी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. मजुरी हजारी हिशेबाने. संध्याकाळी विड्या द्यायला गेले की तपासणारा मूठ-मूठ बाजूला टाकायचा; त्यांचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. चौघींपैकी कुणालाच वाचता येत नव्हते. मी चौथीत होतो. शाळेतून आलो की मला उंबऱ्यावर बसवून वाचायला लावायच्या. आधी शेजारून मागून आणलेला पेपर, मग वाचनालयातली कादंबरी. अडखळलो की त्या थांबायच्या नाहीत. हात चालूच असायचे. "पुढं काय झालं?" एवढेच कुणीतरी विचारायचे. मी कॉलेज पाहिले नाही. ज्याला आज माझे संशोधन म्हणतात, त्याची सुरुवात त्या उंबऱ्यावर झाली.

चिरलेला सिगार पाटावर तसाच पडला होता. मी आईला लेक्तोरची गोष्ट सांगितली. तिने हातातले काम बाजूला ठेवून ती शेवटपर्यंत ऐकली.

"पैसे कोण द्यायचं त्याला?"

"वळणारेच. आपल्या मजुरीतून."

ती थोडा वेळ सिगारच्या घड्यांकडे पाहत राहिली.

"तुला आम्ही कधी काही दिलं नाही रे," ती म्हणाली.