कचारगडच्या वाटेवर थांबणारे कलम २४

१/ गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या डोंगरांत कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला येथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड भाविक येतात. गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी मुक्त केले व लिंगोने त्यांना सगा-गोत्रांची व्यवस्था दिली, अशी श्रद्धा आहे. कोणाची सोयरीक कोणाशी जुळावी, हे गोंड समाजात त्याच व्यवस्थेवरून ठरते.

२/ हिंदू विवाह कायदा या व्यवस्थेच्या उंबरठ्यावर थांबतो. तो १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणून कलम २४ ची अंतरिम पोटगी कचारगडच्या परिसरातील बिगर-आदिवासी हिंदू स्त्रीला मागता येते, पण तिच्या गोंड शेजारणीला नाही.

३/ कलम २४ चे सूत्र साधे आहे. वैवाहिक दावा चालू असताना पती किंवा पत्नी यांपैकी ज्याला स्वतःच्या निर्वाहापुरते स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्याकडून दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च मिळावा. दोष कोणाचा, हे ठरण्यापूर्वीच हा आदेश होतो. दावा लढवण्यापुरते बळ दोन्ही बाजूंना असावे, हा त्यामागचा हेतू आहे.

४/ या कल्पनेचा उगम इंग्लंडच्या चर्च न्यायालयांत आहे. तेथे विवाहानंतर स्त्रीची बहुतेक मिळकत पतीच्या ताब्यात जाई. त्याच्याविरुद्ध लढायलाही तिच्या हाती पैसा नसे. भारतात ही तरतूद १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती विवाहांसाठी आली. ती केवळ पत्नीसाठी होती. पतीच्या मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाचा एक पंचमांश, ही तिची कमाल मर्यादा होती.

५/ हिंदू विवाह शास्त्रानुसार संस्कार मानला गेला, तरी अनेक जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने हिंदू पत्नीला काही कारणांसाठी वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. गोंदिया तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात होते, त्यामुळे मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता.

६/ १९५५ च्या कायद्याने अंतरिम पोटगी पतीलाही खुली केली आणि एक पंचमांशाची मर्यादा घेतली नाही. अर्ज रेंगाळू लागले, म्हणून २००१ च्या दुरुस्तीने सांगितले की, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय व्हावा.

७/ ‘शक्यतो’ या शब्दाचा अर्थ नागपूरच्या एका प्रकरणात दिसला. कुटुंब न्यायालयाने पत्नी व मुलासाठी अंतरिम पोटगीचा आदेश २०१५ मध्ये दिला. तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये कायम केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने देशभरासाठी नियम घातले: दोघांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी.

८/ गोंड रूढीत अशा तरतुदीची गरज वेगळ्या कारणाने भासली नव्हती. काडीमोड पंचांसमोर होई आणि स्त्रीला पुन्हा घर मांडता येई. नव्या पतीने पहिल्याला लग्नाचा खर्च परत करण्याची चाल रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नोंदवली आहे. अंतरिम पोटगी हे मुळात न्यायालयीन विलंबावरचे औषध आहे. जेथे वाद वर्षानुवर्षे चालत नाही, तेथे ‘अंतरिम’ काळही उरत नाही.

९/ वाद पंचांकडून न्यायालयात गेला की चित्र पालटते. तेथे रूढी गृहीत धरली जात नाही, ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. उराव आणि संथाल जमातींतील एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हेच सांगितले. पतीचा दुसरा विवाह अवैध ठरवणारी रूढी पत्नीला सिद्ध करता आली नाही आणि द्विभार्येची तिची फिर्याद टिकली नाही.

१०/ गोंड स्त्रीला इतर वाटा आहेत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्म-जमातींना लागू होते. दंडाधिकारी त्याखाली अंतरिम पोटगी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले. २००१ मध्ये ते कायद्यातच आले आणि दरमहा ५०० रुपयांची मूळ मर्यादाही गेली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल, तर त्याचे कलम ३६ पत्नीला वादकालीन पोटगी देते.

११/ पण या वाटा कलम २४ ची जागा पूर्णपणे घेत नाहीत. कलम १४४ खाली पतीने पोसण्यात हयगय केली किंवा नकार दिला, हे दाखवावे लागते. मिळणारा खर्च पोटगीच्या अर्जापुरता असतो, घटस्फोटाच्या दाव्यासाठी नव्हे. आणि निराधार गोंड पतीला तर पत्नीकडून पोटगी मागण्याची सोय तेथे नाहीच.

१२/ कलम २(२) ने जमातींच्या रूढींचा मान राखला आणि वादही रूढीनेच मिटतील असे गृहीत धरले. आज नोकरी आणि स्थलांतर यांमुळे पती एका शहरात आणि पंच गावात, असे घडते. अशा वेळी दिवाणी न्यायालयाचा विलंब गोंड स्त्रीच्या वाट्याला येतो, पण त्या विलंबावरचा उपाय येत नाही. लिंगोची व्यवस्था अबाधित ठेवूनही दाव्याच्या काळातील भाकरीची तजवीज करता येईल का, हा प्रश्न १९५५ पासून शिल्लक आहे.