घाट, धाव आणि रेल्वेचं चाक

थळ घाटाचा इतिहास सांगायला बसलं की लोक बोगदे मोजतात, एहेगावचा पूल दाखवतात, जेम्स बर्कले या इंजिनिअरचं नाव घेतात. बर्कलेने घाटाची आखणी केली, पण १८६२ मध्ये तो वारला आणि १८६५ मध्ये गाडी वर इगतपुरीला पोचली ती त्याने पाहिलीच नाही, हेही कुणी सांगतं. हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण त्या बोगद्यांतून दीडशेहून अधिक वर्षं जे फिरत आलंय, त्या चाकावर चार ओळी कुणी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. माझी नोकरी माटुंग्याच्या वर्कशॉपात, चाकांच्या लेथवर झाली. घर खर्डीला. तेव्हा हे लिहायचं काम माझ्याकडेच येतं असं मी धरतो.

आमचं घर सुताराचं. आजाच्या अंगणात बैलगाड्यांची चाकं बनत. मधे बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर जोडलेल्या पाट्या आणि सगळ्यांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी तोकडी ठेवायची. लोहार ती जमिनीवर आडवी टाकून भोवती गोवऱ्यांचा जाळ लावी. लाल झाली की तिघे-चौघे सांडशीने उचलून चाकावर बसवीत, दोन-चार घण घालीत आणि लगेच घागरी ओतीत. वाफ उठे, लाकूड करकरे, आणि निवत आलेली धाव आरे-पाट्या अशा आवळून घेई की खिळ्याची गरज उरत नसे. किती तोकडी ठेवायची हा सगळा हिशोब लोहाराच्या बोटांत असे. जास्त झाली तर पाट्या फुटायच्या, कमी झाली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर धाव निसटायची.

आसनगावहून कसाऱ्यापर्यंत रूळ आले ते १८६१ मध्ये, आणि खर्डी तेव्हाच लोहमार्गावर आली. त्या गाड्यांची चाकं आमच्या अंगणातल्या चाकाचीच भावंडं होती, हे मला वर्कशॉपात गेल्यावर कळलं. मधे लोखंडी आरे असलेलं चाक आणि त्यावर तापवून चढवलेला टायर. इथेही तोकडेपणाचा हिशोब तोच, फक्त तो बोटांतून कागदावर उतरलेला. व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतका टायर लहान ठेवायचा. म्हणजे ९१५ मिलिमीटरच्या चाकाला एक मिलिमीटरच्या आसपास. सगळी पकड त्या एका मिलिमीटरची.

रेल्वेच्या चाकाला बैलगाडीच्या चाकाहून दोन गोष्टी जास्त असतात. एक त्याची कड, म्हणजे फ्लँज. दुसरी त्याचा उतार. कड सगळ्यांना दिसते. गाडी रुळावर राहते ती या कडेमुळेच, असं जवळजवळ प्रत्येकजण समजतो. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत आधी ही कड रुळालाच होती. एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या टाकायच्या आणि त्यांवरून साध्या चाकांच्या गाड्या ओढायच्या. १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये वाफेचं इंजिन पहिल्यांदा चालवलं तेही अशाच पट्ट्यांवरून, बिनकडेच्या चाकांनी. पट्टीवर खडे-माती साचे आणि चाक अडखळे. विल्यम जेसपने १७८९ मध्येच कड रुळावरून काढून चाकाला दिली होती, आणि पुढे सगळ्या जगाने तीच रीत उचलली.

पण गाडीला वाट दाखवण्याचं खरं काम उताराचं आहे. चाकाचा जो भाग रुळावर टेकतो तो सपाट नसतो. कडेकडून बाहेर जाताना तो किंचित निमुळता होतो, वीस मिलिमीटरला एक मिलिमीटर. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट ठोकलेली असल्याने दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळणावर बाहेरच्या रुळाची लांबी जास्त. मग बाहेरचं चाक जास्त अंतर कसं कापणार? आस बाहेरच्या बाजूला जरासा सरकतो. बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर येतं, आतलं लहान व्यासावर, आणि जोडी आपोआप वळते. मी हिशोब करून पाहिला आहे: ९१५ मिलिमीटरचं चाक सहा मिलिमीटर सरकलं तर सुमारे १३०० मीटर त्रिज्येचं वळण कडेला स्पर्श न होता पार पडतं. आपल्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं १६००. कडांची जाडी वजा केली तर दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर मोकळीक उरते. एवढ्या जागेत हा सगळा खेळ चालतो. मला यापेक्षा सुंदर यंत्र दुसरं माहीत नाही, कारण यात यंत्र म्हणावं असं काही नाहीच. फक्त आकार आहे.

या आकाराचा त्रासही आहे. सरळ मार्गावर जोडी जरा डावीकडे गेली की उतार तिला उजवीकडे ढकलतो, मग ती जरा जास्तच उजवीकडे जाते, आणि हेलकावे सुरू होतात. नव्या चाकाचा असा एक हेलकावा सुमारे अठरा मीटरमध्ये पुरा होतो. ताशी शंभर किलोमीटरला म्हणजे सेकंदाला दीड. डबा डोलतो तेव्हा रूळ वाकडा आहे असं प्रवाशाला वाटतं, पण पुष्कळदा ते चाक स्वतःचा मध्य शोधत असतं.

कसाऱ्याच्या पुढे हे गणित अपुरं पडतं. घाटातली वळणं फार तीव्र, चाकांच्या जोडीला तेवढं सरकायला जागा नाही. शेवटी कड रुळाला लागते आणि घासत जाते. पावसाळ्याखेरीज घाटात जो कर्कश आवाज ऐकू येतो तो कडेचा. म्हणून वळणावर रुळाच्या आतल्या अंगाला वंगण लावतात, आणि म्हणूनच घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या चाकांच्या कडा लवकर पातळ होतात. नवी कड साडेअठ्ठावीस मिलिमीटर जाड. मालडब्यात ती सोळावर आली की चाक काढायचं. उलट टेकणारा भाग झिजत जातो तशी कड उंच दिसू लागते, तिची मर्यादा पस्तीस. हे दोन्ही आकडे सांगणारा पोलादी गेज आमच्या खिशातच असे.

माथेरानच्या गाडीचं इथे सांगितलंच पाहिजे. तिथे रुळांत दोनच फुटांचं अंतर आणि वळणं अशी की साधं तीन आसांचं इंजिन अडकूनच बसेल. १९०७ मध्ये ती लाईन सुरू झाली तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने दिलेल्या इंजिनांत क्लीन-लिंडनर नावाची युक्ती होती. पुढच्या आणि मागच्या आसाभोवती पोकळ नळकांडं, चाकं त्या नळकांड्यावर. आतला आस सरळ राहून फिरवतो आणि बाहेरचं नळकांडं वळणाप्रमाणे तिरकं होतं. जोर मिळतो आणि वळताही येतं. नेरळहून वर जाणाऱ्या कितीजणांनी त्या चाकांकडे वाकून पाहिलं असेल?

थळ घाटाचा मोठा प्रश्न मात्र उतरतानाचा. नऊ मैलांच्या आसपास लांबी, ९७२ फूट उंची, आणि सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट. हजार टनांची मालगाडी इगतपुरीहून कसाऱ्याला आणायची म्हणजे जवळजवळ आठशे युनिट विजेइतकी शक्ती वाटेत जिरवायची. साध्या घराची कित्येक महिन्यांची वीज! ती जिरत असे कुठे? बिडाच्या ब्रेक-ठोकळ्यांत आणि चाकाच्या टेकणाऱ्या भागात. ब्रेक-ठोकळा चाकावर दाबला की दोघंही तापणार, ठिणग्या उडणार, काळी धूळ उठणार.

आता त्या एका मिलिमीटरची आठवण ठेवा. टायर आतल्या चाकापेक्षा शंभर अंशांनी जास्त तापला की तो मिलिमीटरभर फुगतो. म्हणजे पकड संपली. आजाच्या धावेला उन्हाळा भोवायचा, टायरला ब्रेक. टायर ढिला झाला की तो आतल्या चाकावर घसरून फिरू लागतो, किंवा निवल्यावर वाकडा बसतो. हे ओळखायला रेल्वेने एक साधी खूण केली होती. टायरवरून आतल्या चाकावर जाणारी पांढऱ्या रंगाची सलग रेघ, चार जागी. रेघ तुटलेली दिसली की टायर सरकला, गाडी थांबवा. दुसरी तपासणी हातोड्याची. लांब दांड्याचा छोटा हातोडा घेऊन गाडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत आणि प्रत्येक चाकावर एक टोला देत. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं किंवा ढिलं चाक बद्द बोलतं. पाऊस, इंजिनाची वाफ, फेरीवाल्यांचा ओरडा, या सगळ्यात तो एक बद्द आवाज वेचून काढणारे कान म्हणजे मोठी विद्या होती. त्यांची नावं कुठल्या पाटीवर कोरली गेली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विजेची गाडी घाटात आली १९२९-३० च्या सुमारास. स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला आणि इंग्लंडच्या व्हल्कन कारखान्यात बनलेली ती मालगाडीची इंजिनं आमच्या पट्ट्यात ‘खेकडा’ म्हणूनच ओळखली जात. दोन्ही टोकांना बुटकी नाकं, मधे केबिन, आणि बाजूला खालीवर होणारे लांब दांडे. त्या दांड्यांमागे घाटाचा विचार होता. तीन-तीन आस दांड्याने एकत्र जोडलेले, म्हणजे ओल्या रुळावर एक चाक एकटंच घसरू शकत नाही, बाकीची दोघं त्याला धरून ठेवतात. शिवाय उतरताना मोटारी उलट्या वीज तयार करत, ती तारेत परत जाई, आणि तेवढा भार ब्रेक-ठोकळ्यांवरून उतरे. घाटातल्या चाकाला मिळालेली ही पहिली खरी विश्रांती. ‘सर लेस्ली विल्सन’ हे त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. तिथे जाल तेव्हा नाकाचा फोटो काढा, पण दांडेही नीट पाहून घ्या.

पुढे टायर गेला आणि अखंड चाक आलं. आरे आणि टायर असा संसार संपून आसावर दाबून बसवलेली एकच पोलादी तबकडी. दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यात ती घडवतात. बंगळुरूजवळच्या येलहंका कारखान्यात, १९८४ पासून, ओततात. तिथे ग्रॅफाइटच्या साच्यात वितळलेलं पोलाद वरून ओतत नाहीत, हवेच्या दाबाने खालून वर चढवतात, म्हणजे मळी आत शिरत नाही. घेर पाण्याने थंड करून बाहेरचा थर असा आवळून ठेवतात की तडा उघडायला जागाच मिळू नये. पण घाटात ब्रेक चिकटून राहिला आणि चाक बेसुमार तापलं, तर हाच आवळलेला थर निवताना उलटा ताणला जातो, आणि बारीक उष्णतेचे तडे पडतात. अखंड चाकाला टायर निसटायची भीती नाही, तडकायची आहे. भीतीने जागा बदलली, एवढंच.

लेथवर आलेली चाकांची जोडी पाहिली की तिने काय भोगलंय ते कळे. ब्रेक लागून चाक न फिरता घसरत गेलं की त्यावर चपटा डाग पडतो. गाडीत बसल्यावर ठक-ठक ऐकू येते ती याचीच. डाग दिसायला चकचकीत, पण क्षणात तापून क्षणात निवल्याने तिथलं पोलाद काचेसारखं कडक झालेलं असतं. निळसर कीस सुरळीत सुटत असताना हत्यार त्या जागी आलं की दणका बसे आणि टोकाचा तुकडा उडे. मग खोली वाढवायची, डागाच्या खालून कापायचं, त्यासाठी चांगलं पोलादही घालवायचं. शेवटी पत्र्याचा नमुना चाकावर लावून मागे दिवा धरायचा. कुठून उजेड आला नाही तर आकार बरोबर.

या आकारातच एक फार मोठा बदल माझ्या पिढीने पाहिला. नवा १ : २० चा उतार थोड्याच दिवसांत झिजून पोकळसर होई, आणि त्यानंतर मात्र झिजायचा वेग मंदावे. चाक आणि रूळ यांनी आपसात ठरवून घेतलेला आकार म्हणा. लखनौच्या आर.डी.एस.ओ. या रेल्वेच्या संशोधन संस्थेने तो झिजलेला आकारच नवा म्हणून कापायला सांगितला. चाकाचं आयुष्य वाढलं, लेथवर वाया जाणारं पोलाद वाचलं. इतकी वर्षं ज्याला आपण दोष समजून कापून टाकत होतो, तेच चाकाचं म्हणणं होतं.

आता एल.एच.बी. नावाच्या लाल प्रवासी डब्यांत ब्रेक चाकावर लागतच नाही. आसावर वेगळ्या चकत्या असतात, उष्णता तिकडे जाते. तीन-फेज इंजिनं उतरताना तारेत वीज परत देतात. मालडब्यांत मात्र अजून ठोकळा चाकावरच दाबला जातो, आणि घाट उतरून आलेल्या वाघिणी आजही माणसाच्या नजरेखालून जातात.

माझी एक मागणी आहे. कसाऱ्याला किंवा खर्डीला, स्टेशनच्या बाहेर जिथे लोक लोकलची वाट पाहत उभे राहतात, तिथे जुन्या आऱ्यांच्या टायरवाल्या चाकांची एक जोडी रुळाच्या तुकड्यावर बसवावी. शेजारी बैलगाडीचं धाव चढवलेलं चाक ठेवावं, तसं चाक शहापूर तालुक्यात अजून मिळेल. शाळेच्या पोरांना आस हाताने ढकलून पाहता येईल अशी ती जोडी मोकळी असावी. आणि रंगकाम करणाऱ्याला आधी सांगून ठेवावं, की टायरवरून आतल्या चाकावर जाणारी पांढरी रेघ चारही जागी काढायची आहे.