तळटीप : 'जाधवरावांनी धनी बदलला'

१. एवढ्या वाक्यावरून लखुजी जाधवरावांना फितूर ठरवू नये. तख्तावर निजामशहा, पण हुकूम चाले खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवणाऱ्या मलिक अंबरचा. अंबरशी बिनसल्यावर जाधवराव मोगलांना मिळाले. १६२४ साली भातवडीला जावई शहाजीराजे अंबरकडून लढले, सासरे मोगलांकडून. अंबर १६२६ मध्ये वारला. पुढे जाधवराव निजामशाहीत परतले. १६२९ साली दौलताबादेत मुजऱ्याला आलेले जाधवराव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू यांना दरबारातच दग्याने कापून काढले. विश्वास मोडला तो इथे, आणि मोडला धन्याने, असे माझे स्पष्ट मत आहे. शहाजीराजांनीही मग ती चाकरी सोडली. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. — संपादक