पाच इंचांचे नरसाळे

गणेशोत्सव भर पावसाळ्यात येतो. मंडप घालताना आम्ही चिक्कडपल्लीकर आधी आभाळाकडे बघतो आणि मग हुसेनसागरच्या नाल्याकडे. तलावाचे जादा पाणी घेऊन हा नाला अशोकनगर, बागलिंगमपल्लीच्या अंगाने पुढे मुसी नदीला मिळतो. हैदराबादच्या पाण्याच्या इतिहासात निजाम आहेत, नामवंत अभियंते आहेत, मोठमोठी धरणे आहेत. या लेखात आम्हाला आठवण करायची आहे ती रोज सकाळी पाऊस मोजून वहीत लिहिणाऱ्या माणसाची.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. नदीवरचे पूल वाहून गेले, काठावरच्या वस्त्या नाहीशा झाल्या, हजारो माणसे बुडाली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून बसलेली सुमारे दीडशे माणसे वाचली, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ते झाड आजही उभे आहे.

असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून निजाम सरकारने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. मराठी माणसाला हे नाव परके नाही. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, खानदेश, पुणे येथे राहिले, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. हैदराबादला ते आले तेव्हा पूर ओसरून महिने उलटले होते. किती पाणी आले होते, हे आता कोण सांगणार? त्यासाठी पावसाच्या नोंदी लागल्या. शमशाबादची नोंद सांगत होती : २४ तासांत १२.८ इंच, ४८ तासांत १८.९ इंच.

पर्जन्यमापक ही वस्तू अगदी साधी असते. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांच्या आवारात दिसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मापकाचे नरसाळे पाच इंच व्यासाचे असते. खाली साठलेले पाणी मोजपट्टी असलेल्या काचेच्या भांड्यात ओतायचे, आकडा लिहायचा, भांडे रिकामे करून परत ठेवायचे. काम दोन मिनिटांचे. पण हैदराबादच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल आहे. एवढ्या जमिनीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २०० कोटी घनफूट, म्हणजे दोन टीएमसी पाणी होते. छोट्या नरसाळ्यातला एक इंच चुकीचा लिहिला, तर हिशेबात केवढी तफावत पडेल!

आणखी एक गोष्ट आम्हा सरकारी नोकरांना चटकन कळेल. वहीत बहुतेक दिवशी शून्यच लिहावे लागते. कोरड्या दिवशी मापकापर्यंत न जाता शून्य मांडले, तरी त्या दिवशी कोणाचे काही बिघडत नाही. साहेब विचारत नाहीत, वर्तमानपत्रात छापून येत नाही. पण रोजचे आकडे खरे असतील, तरच एखाद्या दिवसाचे १२.८ इंच किती असाधारण हे कळते. शमशाबादला ज्याने हा पाऊस मोजला, त्याचे नाव आम्ही कुठल्याही फलकावर वाचलेले नाही.

विश्वेश्वरय्यांच्या पाहणीतला दुसरा आकडाही विचार करायला लावतो. मुसीच्या खोऱ्यात तेव्हा ७८८ तलाव होते, आणि त्यांतले २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळते, मग तोही टिकत नाही. मातीचा बांध सांभाळण्याची कामे मात्र किरकोळ असतात : उंदरा-खेकड्यांची बिळे बुजवणे, बांधावर उगवलेले रोप लहान असतानाच उपटणे, सांडव्यातला गाळ काढणे. केले तर कोणाला दिसत नाही, वर्षानुवर्षे राहिले तर एका रात्रीत दिसते.

या अभ्यासातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पुराला आवर बसला, आणि शहराला पिढ्यान्‌पिढ्या पिण्याचे पाणी मिळाले.

तरीही पाऊस आपली परीक्षा घेतच असतो. २४ ऑगस्ट २००० रोजी, गणेशोत्सव आठवड्यावर आलेला असताना, शहरात एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस झाला. हुसेनसागरचा नाला काठाबाहेर आला आणि अशोकनगर, दोमलगुड्याच्या सखल भागांत घरात पाणी शिरले. नाला एका दिवसात अरुंद होत नाही. रोज एक पिशवी, एक टोपली राडारोडा असे करत तो अरुंद होतो. आणि मोकळा राहतो तोही तसाच, रोज थोडा थोडा.

शमशाबादच्या त्या माणसाला आपल्या दोन मिनिटांतून पुढे काय घडणार, याची कल्पना नसणार. त्याने आकडा लिहिला आणि तो दुसऱ्या कामाला लागला असेल. यंदा मंडपातले निर्माल्य नाल्यात न जाता वेगळ्या टोपलीत जाईल, रात्री उशिरा कोणी तरी ती टोपली उचलून ठेवील, आणि सकाळी त्याची चर्चाही होणार नाही. अशा सर्व हातांना आमचा नमस्कार. गणपती बाप्पा मोरया!