निबंध खरा असेल तर?

आजचा भाग सुचला तो माझ्या भाचीमुळे. ती नववीत आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "मामा, निबंध स्पर्धा आहे. विषय आहे 'शेतकऱ्याचे आत्मवृत्त'. एआयकडून लिहून घेतलाय, तू फक्त जरा भारी करून दे ना."

मी हसलो, पण मनात ओशाळलो. कारण आठवीत मी हाच निबंध लिहिला होता. तेव्हा एआय नव्हतं, गाईड होतं. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लागलेले डोळे, सगळं त्यातलंच. तालुक्यात पहिला आलो. घरी येऊन आजोबांना वाचून दाखवला. आजोबांची चार एकर कोरडवाहू जमीन होती. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "छान आहे रे. पण ह्या माणसानं पेरलं काय होतं?"

मला काही सांगता आलं नाही.

भाचीला मी निबंध दुरुस्त करून दिला नाही. एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

साल १७८५, इंग्लंडमधलं केंब्रिज विद्यापीठ. तिथे लॅटिन निबंधाची स्पर्धा असायची. त्या वर्षी कुलगुरू पीटर पेकार्ड यांनी विषय दिला: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का? हा नुसता तात्त्विक प्रश्न नव्हता बरं का. त्याच काळात ब्रिटिश जहाजं दरवर्षी हजारो आफ्रिकी माणसांना साखळ्या घालून अटलांटिकपार नेत होती, कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबायला. आणि इंग्लंडमध्ये लोक ती साखर चहात घालून पीत होते.

स्पर्धेत एक पंचवीस वर्षांचा तरुण होता, टॉमस क्लार्कसन. आदल्या वर्षीही त्याने अशाच स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं. यंदाही मिळवायचं, नाव टिकवायचं, एवढाच हेतू. त्याने पुढे स्वतःच हे लिहून ठेवलंय. विषयाची माहिती? जवळजवळ शून्य.

इथे तो गाईड शोधत बसला नाही. गुलामांच्या व्यापारात असलेल्या एका दिवंगत ओळखीच्या माणसाची कागदपत्रं त्याने मिळवली. वेस्ट इंडीजमध्ये राहून आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. अँथनी बेनेझेट या अमेरिकेतल्या शिक्षकाच्या पुस्तकाची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली, तर ते विकत घ्यायला थेट लंडन गाठलं. आणि वाचता वाचता बक्षिसाचा आनंद बाजूलाच राहिला. दिवसा चैन पडेना, रात्री झोप लागेना. मुद्दा सुचला की लगेच उठून लिहिता यावा म्हणून तो खोलीत रात्रभर मेणबत्ती जळत ठेवायचा.

बक्षीस मिळालं. विद्यापीठाच्या सभागृहात निबंध वाचून झाला. तो घोड्यावरून लंडनला निघाला. खरं तर विषय इथे संपायला हवा होता. आपण सर्टिफिकेट फ्रेम करतो आणि विसरून जातो ना, तसं. पण वाटेत वेड्समिल नावाच्या गावाजवळ तो घोड्यावरून उतरला आणि रस्त्याकडेला बसला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: मी लिहिलंय ते खरं असेल, तर कुणीतरी हे थांबवायलाच हवं.

१७८६ मध्ये तो निबंध इंग्रजीत छापून आला. २२ मे १७८७ रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा माणसं जमली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. क्लार्कसन त्यातला एक.

आता इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडणारा भाग. व्यापारी म्हणायचे, हा धंदा बंद केलात तर आपल्या नौदलाला खलाशी कुठून मिळणार? इथेच तर ते तयार होतात! क्लार्कसन ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांवर गेला. जहाजांच्या हजेरीपटांवरून त्याने वीस हजारांहून जास्त खलाशांची नोंद काढली, प्रत्येकाचं पुढे काय झालं यासकट. हाताने, हां. एक्सेल नाही. त्यातून दिसलं की या जहाजांवर खलाशी तयार होत नव्हते, मरत होते. लिव्हरपूलच्या एका दुकानातून त्याने बेड्या आणि अंगठे चिरडायचं यंत्रही विकत घेतलं, लोकांना दाखवायला. त्याच शहरात त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलायचा प्रयत्नही झाला.

पण हे एकट्या क्लार्कसनचं काम नव्हतं. १७८९ मध्ये ओलाउदाह इक्वियानोने आपलं आत्मचरित्र छापलं. तो स्वतः गुलामीतून सुटलेला होता. म्हणजे बघा, त्या काळातलं खरं 'आत्मवृत्त' ज्याने सोसलं त्यानेच लिहिलं. आणि मळ्यांवरची माणसं तर स्वतःच बंड करून उठत होती.

संसदेत ठराव पुन्हा पुन्हा पडला. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. समिती स्थापन झाल्याला तोवर वीस वर्षं झाली होती. गुलामगिरीच संपवणारा कायदा यायला १८३३ उजाडलं.

गोष्ट संपल्यावर भाची गप्प होती. मी म्हटलं, "एआयला नंतर विचार. आधी गावी नानाआजोबांना फोन लाव. पेरलं काय होतं, ते विचार."

चार दिवसांनी तिने निबंध पाठवला. सोयाबीन पेरलं, पाऊस गायब झाला, दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याला पैसे नव्हते म्हणून घरातल्या बाईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या परत आल्याच नाहीत. नाना, म्हणजे माझे काका, त्यांनी तिला सालही सांगितलं होतं. मी आठवीत होतो ते साल. पाटल्या माझ्या आजीच्या होत्या.

मी त्याच घरात, त्याच दिव्याखाली बसून गाईडमधून शेतकऱ्याचं दुःख उतरवून काढत होतो. आजोबा शेजारीच बसले होते.

भाचीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर नाही. ती आता नानांना दर रविवारी फोन करते.

तुम्ही कधी असा निबंध लिहिलाय का, ज्याचं उत्तर घरातच होतं? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!