नंदीबैल मान हलवतो तेव्हा

वऱ्हाडात दारी नंदीबैल आला की गुबूगुबू वाजतं. मालक विचारतो, ‘पाऊस पडेल का?’ बैल मान हलवतो. हे शिकवलेलं आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी क्षणभर वाटतं, त्याला कळलं. गंमत तिथंच आहे.

१८८० साली अश्वविद्येत तरबेज विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस उभी केली, तीही याच गमतीवर. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या खेळांवरची बंदी कायम ठेवली. मग गंमत संपली का?

२०१५ मध्ये ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ हा टीव्हीवरचा कार्यक्रम मातीस नावाच्या कुत्र्यानं जिंकला. नंतर कळलं, दोरीवरून चालला तो दुसराच कुत्रा! हजाराहून जास्त तक्रारी झाल्या. आता बघा, दोन्ही कुत्रे शिकवलेलेच. मग लोक चिडले कशाला? त्यांना कुठलाही कुत्रा नको होता, ‘तोच’ हवा होता. आपल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटातही नजर असते ती अमक्याच्याच जोडीवर.

म्हणजे करमणूक अजून होते. पण जनावराला नावानं ओळखून टाळ्या दिल्या, की त्याला हे करायचं होतं का, हेही विचारावं लागतं. आणि तिथं मान हलली तर ते उत्तर धरता येत नाही; ती हलवायला आपणच शिकवलंय.