रेडिओ परवाना आणि ‘मेरिट’चा खेळ

रेडिओचा परवाना ‘लायक’ अर्जदाराला द्यावा, हे मान्य. पण लायकी ठरवणार कोण? अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९६५ साली निवडीचे निकष लिहिले. त्यात प्रसारणाचा पूर्वानुभवही मोजला जाई. १९७१ मध्ये सुमारे ७,५०० रेडिओ केंद्रांपैकी कृष्णवर्णीयादी अल्पसंख्याकांच्या मालकीची होती अवघी १०. ज्यांना केंद्रच मिळाले नाही, त्यांनी अनुभव आणायचा कुठून? (आपल्याकडचे आरक्षणविरोधक मेरिट म्हणतात ते हेच!) १९७८ मध्ये कमिशनने अल्पसंख्याक मालकीला निवडीत वजन दिले, १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरले. १९९७ च्या कायद्याने मात्र व्यावसायिक परवाने लिलावात काढले. बोलीत नवख्यांना सवलत आहे, पण तिच्या अटींत वर्णाचा उल्लेख नाही.